बुचाच्या पेशी: काप, प्रकाश आणि मोजणी, टप्प्याटप्प्याने

बुचाचा काप कांद्याच्या पापुद्र्यासारखा पाण्याच्या थेंबात ठेवला, वर कव्हरस्लिप टाकली आणि खालून प्रकाश सोडला, की बहुतेकांना काळपट डाग आणि गोल बुडबुडे दिसतात. मग पुस्तकातली आकृती समोर ठेवून तीच वहीत उतरवली जाते. दोष बहुतेक वेळा मायक्रोस्कोपचा नसतो. बुचाच्या पेशी मेलेल्या, चहूबाजूंनी बंद आणि हवेने भरलेल्या असतात. पाणी त्यांच्यात शिरत नाही आणि खालून आलेला प्रकाश हवेच्या कडांवर इतका वळतो की सगळं काळं पडतं. म्हणून इथे कांद्याची कृती उलटी करायची: आधी कोरडा काप, काळ्या पाटीवर, वरून प्रकाश, ओला काप त्यानंतर.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने केलं ते असंच. १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’ या त्याच्या पुस्तकात बुचाची आकृती आहे तशी कृतीही लिहिलेली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत आकृती आली, कृती राहून गेली.

साहित्य

साधा शाळेचा संयुक्त सूक्ष्मदर्शक (४, १० आणि ४० एक्सची वस्तुभिंगं), दाढीची नवी कोरी ब्लेड्स, काचपट्ट्या, कव्हरस्लिप, काळा मॅट कागद, छोटी टॉर्च किंवा मोबाइलचा फ्लॅश, मऊ केसांचा बारीक ब्रश, स्पिरिट, ग्लिसरीन, सुई नसलेली ५ किंवा १० मिलिलिटरची सिरिंज, पारदर्शक मोजपट्टी, आणि एक बटाटा किंवा गाजर. सॅफ्रॅनिन (पेशींच्या भिंती लाल करणारा रंग) असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

## टप्पा १: बूच खरं आहे का ते पाहा

निम्मे प्रयोग इथेच फसतात. नोटीस बोर्डाचा पत्रा, चहाच्या कपाखालची चकती, स्वस्त बुचं, हे सगळं बुचाचा चुरा डिंकात दाबून केलेलं असतं. त्यात पेशी असतात, पण प्रत्येक कणाची दिशा वेगळी. एका कापात एकीकडे षट्कोन, शेजारी आडव्या ओळी आणि मध्ये डिंकाची चकाकी असा गोंधळ दिसतो. वाइनच्या बाटल्यांनाही हल्ली अनेकदा आट्यांची टोपी असते, नाहीतर प्लॅस्टिकचं बूच.

अखंड बूच मिळण्याच्या जागा: प्रयोगशाळेचं साहित्य विकणारी दुकानं, होमिओपॅथीच्या जुन्या काचेच्या कुप्या, आणि बॅडमिंटनच्या पिसांच्या शटलचं डोकं. शटल चांगल्या प्रतीचं असावं लागतं, साध्या शटलमध्ये चुऱ्याचा थर असतो. वरचं पांढरं आवरण सोलून काढा.

तपासा: ब्लेडने एक चकती कापा आणि साध्या भिंगातून पाहा. वेगवेगळ्या रंगांचे, कडा असलेले दाणे दिसले तर तो चुरा. सलग तपकिरी पृष्ठभाग आणि त्यात गडद रेघा किंवा ठिपके दिसले तर अखंड बूच.

आपल्याकडच्या बुचाच्या झाडाची, म्हणजे गगनजाईची, साल चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालते, खाली पडलेला जाड तुकडा घ्या, जिवंत झाडाची साल काढू नका. पण ते झाड वेगळं आणि त्याचं बूच हलक्या प्रतीचं. बाटलीचं बूच येतं पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओकच्या सालीतून. हूकच्या आकृतीशी ताडून पाहायचं असेल तर तेच हवं.

काहीच मिळालं नाही तर उकडलेला बटाटा. त्याची कागदासारखी साल हाही बुचाचाच थर आहे. आतला गर बोटाने पूर्ण खरवडून काढा आणि सालीची फाटलेली पातळ कड पाहा. थर एकावर एक असल्यामुळे रेषा एकमेकींवर पडतात, पण कडेला बहुकोनी पेशी स्वच्छ दिसतात आणि ब्लेडची गरज पडत नाही. लहान मुलांसोबत करायचं असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

## टप्पा २: दिशा ओळखा आणि खूण करा

कापायची घाई करू नका. बुचाच्या पेशी झाडावर आतून बाहेर अशा ओळींत तयार होतात. म्हणून एकाच बुचाचे दोन काप पूर्णपणे वेगळे दिसतात. ओळींच्या दिशेने, म्हणजे सालीच्या बाहेरून आत, पाहिलं तर पेशी मधाच्या पोळ्यासारख्या दिसतात, पाच ते आठ कोनांच्या, बहुतेक षट्कोनी. बाजूने पाहिलं तर आयताकृती कप्प्यांच्या सरळ ओळी दिसतात. हूकच्या चित्रफलकावर हे दोन्ही काप शेजारी शेजारी आहेत. पाठ्यपुस्तकात सहसा एकच भाग छापला जातो, आणि आयत दिसलेला विद्यार्थी आपलं चुकलं असं समजून काप फेकून देतो.

दिशा ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही. बुचात हवा खेळवणारी बारीक तपकिरी भोकं असतात. तीही सालीच्या बाहेरून आतच जातात. त्यावरून:

- समोरच्या पृष्ठभागावर ती ठिपके म्हणून दिसत असतील, तर तिथला काप पोळ्यासारखा येईल.
- ती रेघा म्हणून दिसत असतील, तर तिथला काप आयतांच्या ओळींचा येईल.

वाइनच्या अखंड बुचात ही भोकं बुचाच्या लांबीला आडवी जातात. ती वरपासून खालपर्यंत गेली असती तर त्यांतून बाटली गळली असती, म्हणून बूच मुद्दाम तसं काढलेलं असतं. परिणाम असा, की बुचाच्या गोल टोकावर काप घेतला तर कधीच पोळं दिसणार नाही. आणि सगळे नेमका तिथेच काप घेतात, कारण तिथे ब्लेड टेकवणं सोपं. पोळ्यासाठी बुचाची गोल बाजू फिरवून पाहा, ठिपके दिसतील तिथे पेनने ‘ठ’ लिहा. रेघांच्या बाजूला ‘र’.

सावधान: काप भोकावरून घेऊ नका. तिथे तपकिरी भुकटी असते, ती कापभर पसरते. दोन ठिपक्यांमधली स्वच्छ जागा निवडा.

## टप्पा ३: ब्लेड, पकड आणि दोन काप

दुधारी ब्लेड असेल तर ते वेष्टनाच्या कागदातच लांबीतून दुमडून अर्धं करा, किंवा एका धारेवर जाड चिकटपट्टी लावा. मुलं असतील तर ब्लेड मोठ्यांच्याच हातात राहू द्या.

बुचातून सुमारे ५ मिलिमीटर जाडीची कांडी काढा, जिच्या टोकाला तुम्ही खूण केलेली बाजू येईल. बटाट्याच्या किंवा गाजराच्या तुकड्याला चीर देऊन कांडी त्यात घट्ट बसवा. नुसत्या बोटांत धरलेलं बूच दाबलं जातं, ब्लेड पुढे गेलं की फुगतं, आणि काप एका बाजूला जाड येतो.

आता महत्त्वाचं: पहिला काप फेकायचा असतो. हूकने चाकू वस्तऱ्यासारखा धारदार करून आधी एक तुकडा कापून टाकला, त्यामुळे खाली गुळगुळीत पृष्ठभाग उरला. पाहण्याचा काप त्या पृष्ठभागावरून घेतला. आपणही तेच करायचं.

१. पहिल्या कापाने टोक सपाट करा. पृष्ठभाग उजेडात तिरका धरून पाहा. किंचित चमक असेल तर ठीक. भुरभुरीत दिसला, कण सुटे झाले, तर ब्लेडची धार गेली आहे.

२. ब्लेड साधारण ३० अंश तिरकं धरा आणि स्वतःकडे ओढत आणा, एका लांब सलग ओढीत, पात्याची पूर्ण लांबी वापरून. खाली दाबायचं नाही. दाबलं की पेशींच्या भिंती चुरगळतात आणि मग मायक्रोस्कोपखाली नागमोडी रेषांचा गुंता दिसतो.

३. पूर्ण चकती काढण्याचा हट्ट सोडा. कोपऱ्यापासून सुरुवात करून एक-दोन मिलिमीटरचा पाचरीसारखा काप घ्या, एकीकडे जाड आणि दुसरीकडे जवळजवळ नाहीसा होणारा. आपल्याला त्याची पातळ कडच पाहायची आहे.

४. थांबू नका. एकामागून एक दहा-पंधरा काप घ्या आणि मग निवडा. बूच ब्लेडची धार फार लवकर खातं, म्हणून चार-पाच कापांनंतर नवं ब्लेड घ्या.

तपासा: काप छापील वर्तमानपत्रावर ठेवा. कडेखालचं अक्षर स्पष्ट वाचता आलं पाहिजे. अक्षर पिवळट-धूसर दिसलं तर काप जाड आहे.

पंखा बंद करा. कोरडे पातळ काप श्वासानेही उडतात. उचलायला चिमटा नको. ब्रशचं टोक किंचित ओलं करून त्याला चिकटवा.

## टप्पा ४: कोरडा काप, काळी पाटी, वरून प्रकाश

काचपट्टीखाली काळा कागद ठेवा, वर कोरडा काप. पाणी नाही, कव्हरस्लिप नाही. मायक्रोस्कोपचा खालचा दिवा बंद, आरसा असेल तर वळवलेला. टॉर्च बाजूने, स्टेजपासून थोडी वर धरून, तिरका झोत कापावर पाडा.

हूकनेही काप काळ्या पाटीवर ठेवला, कारण काप पांढरट होता, आणि एका बाजूने सपाट अशा बहिर्गोल भिंगाने त्यावर प्रकाश एकवटला. मोबाइलचा फ्लॅश वापरत असाल तर साधं हातभिंग मध्ये धरून तुम्हीही झोत एकवटू शकता. फरक लगेच कळतो.

आधी ४ एक्स. मोठ्या स्क्रूने फोकस साधा आणि पातळ कड शोधा. मग १० एक्स. टॉर्च हळूहळू फिरवा: एका कोनात भिंतींच्या कडा उजळतात आणि पोकळ्या काळ्या राहतात. त्या क्षणी टॉर्च स्थिर धरायला कुणाला तरी सांगा, कारण तो कोन पुन्हा सापडत नाही.

सावधान: इथे ४० एक्स लावू नका. ते भिंग कापाच्या इतकं जवळ येतं की वरचा प्रकाश आत जायला वाव राहत नाही, आणि कोरड्या कापाला ते घासतं.

‘ठ’ बाजूचा काप पोळ्यासारखा, ‘र’ बाजूचा ओळींचा दिसला का, ते इथेच ताडून घ्या. दोन्ही सारखे दिसत असतील तर बूच चुऱ्याचं आहे किंवा काप तिरका गेला आहे. पुढे जाऊन उपयोग नाही, टप्पा २ वर परत या.

## टप्पा ५: हवा काढा, मग ओला काप

भिंतीची जाडी, पेशींच्या हंगामी ओळी, मोजणी, यांसाठी खालचा प्रकाश आणि ४० एक्स लागतं. त्याआधी कापातली हवा घालवायला हवी.

काप आधी स्पिरिटमध्ये टाका. पाण्यात टाकला तर तो तरंगत राहतो. स्पिरिट त्याला भिजवतं. पाच-दहा मिनिटांनी काप आणि थोडं स्पिरिट सिरिंजमध्ये घ्या, वरची हवा बाहेर ढकला, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. कापातून बारीक बुडबुड्यांची माळ निघताना दिसेल. दट्ट्या हळू सोडा. माळ थांबेपर्यंत हे करत राहा.

सावधान: स्पिरिट पेट घेतं. जवळ मेणबत्ती, गॅस, बर्नर नको.

नंतर काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात काप, आणि कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून तिरकी हळूहळू खाली. सरळ टाकली की नवे बुडबुडे अडकतात आणि आत्ताची सगळी मेहनत वाया जाते.

रंग द्यायचा असेल तर ग्लिसरीनच्या आधी काप काही मिनिटं सॅफ्रॅनिनमध्ये ठेवा आणि जादा रंग स्पिरिटमध्ये धुवा. भिंती लाल होतात. आयोडीन मात्र सवयीने टाकू नका. कांद्यात ते केंद्रक उठवतं. इथे आत उठवण्यासारखं काही नाही.

तपासा: हवा काढल्यावरही काही पेशी काळ्याच राहिल्या का? त्या अजून चहूबाजूंनी बंद आहेत, म्हणजे ब्लेडने त्यांना उघडलेलं नाही. तिथे काप एका पेशीपेक्षा जाड आहे. जाड टोकाकडून पातळ कडेकडे सरकत गेलात तर काळ्या पेशी कमी होत जातील आणि शेवटी स्वच्छ, रिकाम्या पेशींचा पट्टा येईल. पाहायचं, काढायचं, मोजायचं ते याच पट्ट्यात.

डायफ्रॅम, म्हणजे स्टेजखालची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण उघडा ठेवू नका. भिंती दीड मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतबाहेर पातळ असतात. भरपूर उजेडात त्या विरून जातात. डायफ्रॅम अर्ध्याहून कमी करा, रेषा उठून येतात.

## टप्पा ६: पेशी की बुडबुडा?

हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की याला वेगळा टप्पा द्यावा लागतो. बुडबुडा गोल असतो, त्याची कड जाड काळी आणि मध्यभाग चमकदार. एकच बुडबुडा मोठा, शेजारचा लहान. कव्हरस्लिप सुईने हलकेच दाबली की तो सरकतो. पेशीला कोपरे असतात, ती शेजारणीशी भिंत वाटून घेते, आकार जवळपास सारखे असतात, आणि दाबल्यावर सगळा काप एकत्र हलतो.

‘र’ बाजूच्या कापात मधूनच बुटक्या, जाड भिंतींच्या पेशींचा गडद पट्टा आला तर तो डाग नाही. वाढीच्या हंगामाच्या शेवटी तयार झालेल्या पेशी तशाच असतात. साध्या डोळ्यांना बुचावर ज्या समांतर रेषा दिसतात त्या याच.

आकृतीत केंद्रक काढू नका. दरवर्षी कुणीतरी बुचाच्या प्रत्येक चौकोनात एक ठिपका देतं, कारण ‘पेशी म्हणजे केंद्रक असणारच’. इथे फक्त भित्तिका उरलेली असते. हूकला ताज्या हिरव्या वनस्पतींच्या पेशी रसाने भरलेल्या दिसल्या होत्या आणि त्याने ते लिहूनही ठेवलं. पण केंद्रक हे नाव आलं वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनकडून, १८३१ साली. केंद्रक दाखवायचंच असेल तर शेजारच्या काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा ठेवा आणि दोन्ही एकाच शक्तीवर काढा.

## टप्पा ७: मोजणी

आधी तुमच्या मायक्रोस्कोपचं दृश्यक्षेत्र मोजा. ४ एक्सखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवून व्यास किती मिलिमीटर आहे ते वाचा. समजा ४.५ आला. भिंगाची शक्ती जितक्या पटीने वाढते तितक्या पटीने व्यास कमी होतो: १० एक्सला १.८, ४० एक्सला ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रॉन.

‘ठ’ काप ४० एक्सवर घ्या आणि व्यासावर एका सरळ रेषेत किती पेशी बसतात ते मोजा. १९ आल्या तर ४५० भागिले १९, एक पेशी सुमारे २४ मायक्रॉन रुंद. तीन वेगवेगळ्या रेषांवर मोजून सरासरी घ्या. मग ‘र’ काप घेऊन ओळीच्या दिशेने मोजा. तिथे पेशीची उंची साधारण ३० ते ४० मायक्रॉन यायला हवी. गडद पट्ट्यातल्या बुटक्या पेशी यात मिसळू नका, त्या वेगळ्या मोजा.

आता हूकच्या आकड्यांशी ताडा. त्याला इंचाच्या अठराव्या भागात सुमारे ६० पेशी मिळाल्या. १८ गुणिले ६०, इंचाला १०८०. इंचाचा अठरावा भाग म्हणजे १.४१ मिलिमीटर, म्हणून एक पेशी साडेतेवीस मायक्रॉन. तुमचं उत्तर २० ते ३०च्या दरम्यान असेल तर मोजणी ठीक. १००च्या आसपास आलं तर बहुधा दृश्यक्षेत्राचा व्यास १० एक्सचा धरून पेशी ४० एक्सवर मोजल्या आहेत.

पुढे हूकने १०८० हाच आकडा तिन्ही दिशांना धरला आणि एका घन इंचात १,२५,९७,१२,००० पेशी काढल्या. तुमच्याकडे दोन दिशांची मापं आहेत, म्हणून तुमचा हिशेब वेगळा येईल. रुंदी २४ आणि उंची ३५ मायक्रॉन धरली, तर २५,४०० भागिले २४ म्हणजे इंचाला सुमारे १०५८, आणि २५,४०० भागिले ३५ म्हणजे सुमारे ७२६. १०५८ गुणिले १०५८ गुणिले ७२६, ढोबळमानाने ८१ कोटी. भिंतींची जाडी आणि षट्कोनांची रचना यात धरलेली नाही, तरी सव्वाशे कोटींवरून आकडा इतका खाली येतो तो फक्त एका दिशेचं माप वेगळं घेतल्यामुळे.

वहीत आकृतीशेजारी चार गोष्टी लिहा: काप कोणत्या बाजूचा, कोरडा की ग्लिसरीनमधला, वस्तुभिंग कोणतं, आणि एका पेशीची मोजलेली रुंदी. नुसतं ‘४०० पट’ लिहिणं पुरेसं नाही, ती मायक्रोस्कोपची शक्ती आहे. आकृतीतली पेशी २४ मिलिमीटर रुंद काढली असेल आणि खरी २४ मायक्रॉन असेल, तर तुमची आकृती १००० पट आहे.

ग्लिसरीनमधला काप टिकवायचा असेल तर कव्हरस्लिपच्या चारी कडांना रंगहीन नेलपॉलिश लावा; त्याआधी बाहेर आलेलं ग्लिसरीन टिपकागदाने पूर्ण पुसा, नाहीतर पॉलिश धरत नाही. कोरडा काप कागदाच्या पुडीत, ‘ठ’ किंवा ‘र’ लिहून ठेवा. वापरलेली ब्लेड्स कागदात गुंडाळून, वर तसं लिहून वेगळी टाका, ओल्या-सुक्या कचऱ्यात उघडी नकोत.